केसांत मुरणारं तेल

थंडीत खोबरेल गोठलं की आजी बाटली कोमट पाण्यात ठेवायची. साधारण २४ अंशांखाली ते थिजतंच. त्याला भेसळ समजू नका.

या तेलात जवळपास निम्मं लॉरिक आम्ल असतं. त्याचे रेणू छोटे, सरळ साखळीचे, म्हणून ते केसाच्या आत शिरतात. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय संशोधनात खोबरेल, सूर्यफूल आणि खनिज तेलाची तुलना झाली. केसांतल्या प्रथिनांची झीज फक्त खोबरेलाने कमी झाली. न्हाण्याआधी लावलं तर केस पाण्याने फुगतातही कमी. दिवाळीच्या अभ्यंगाचा क्रम, आधी तेल मग न्हाणं, मला म्हणूनच फार शहाणपणाचा वाटतो.

चेहऱ्यावर मुरुमं असतील तर मात्र तिथे खोबरेल लावू नका.