हक्काचा वकील

कोर्टाचं समन्स आलं की घरात आधी फीची चिंता शिरते. कुणी दागिना गहाण टाकतं, कुणी शेळ्या विकतं. कुणी तारखेलाच जात नाही आणि निकाल एकतर्फी लागतो. ज्या न्यायालयात हे घडतं, बहुधा त्याच आवारात गरिबाला विनाशुल्क वकील देणारं सरकारी कार्यालय असतं: जिल्ह्याला जिल्हा विधी सेवा प्राधिकरण, तालुक्याला तालुका विधी सेवा समिती. जिल्ह्याच्या प्राधिकरणाचे अध्यक्ष खुद्द जिल्हा न्यायाधीश असतात.

या व्यवस्थेच्या घडणीत मुंबईचा मोठा वाटा आहे. पत्रकार शीला बर्से यांनी मुंबईतल्या कैदी स्त्रियांशी बोलून, पोलीस कोठडीत त्यांना मारहाण होत असल्याचं पत्र सर्वोच्च न्यायालयाला लिहिलं. न्यायालयाने ते पत्रच याचिका मानलं. 1983 च्या निकालात न्यायमूर्ती भगवतींनी आदेश दिला की कुणालाही अटक झाली की पोलिसांनी जवळच्या कायदा सहाय्य समितीला ताबडतोब कळवावं. म्हणजे आरोपीने मदत मागायची वाट पाहायची नाही, मदतीनेच त्याच्यापर्यंत जायचं. मोफत कायदा सहाय्याचं 39-अ हे कलम घटनेत 1976 मध्येच आलं होतं. विधी सेवा प्राधिकरण कायदा झाला 1987 मध्ये, आणि त्याची अंमलबजावणी सुरू व्हायला 9 नोव्हेंबर 1995 उजाडावा लागला.

मदत कुणाला मिळते, हे नीट वाचण्यासारखं आहे. महाराष्ट्रात उत्पन्नाची मर्यादा वर्षाला तीन लाख रुपये आहे, पण ती सर्वांना लागू नाही. स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमातींचे लोक, अपंग, औद्योगिक कामगार, कोठडीतली माणसं, पूर-दुष्काळ-भूकंपासारख्या आपत्तीत सापडलेले, यांना उत्पन्न विचारलंच जात नाही. पोटगी मागणारी बाई नवऱ्याच्या बंगल्यात राहत होती की झोपडीत, याला इथे महत्त्व नाही. मला या कायद्याचं हेच सर्वांत शहाणपणाचं वाटतं, कारण घरात पैसा असला तरी तो बाईच्या हाताशी असतोच असं नाही.

अर्ज साध्या कागदावर चालतो. लिहिता येत नसेल तर तोंडी सांगितलेलंही तिथे नोंदवून घेतात. उत्पन्नासाठी प्रतिज्ञापत्र पुरेसं मानता येतं. वकिलाची फी, कोर्ट फी, निकालाच्या नकला, कागदपत्रांचा अनुवाद, हा खर्च प्राधिकरण उचलतं. दोन्ही पक्षांची तयारी असेल तर प्रकरण लोकअदालतीत जातं. तिथे तडजोड झाली की भरलेली कोर्ट फी परत मिळते आणि त्या निवाड्यावर अपील होत नाही. म्हणून सही करण्याआधी तडजोडीचा मजकूर वाचून घ्यावा, न समजलेलं विचारून घ्यावं.

‘फुकटचा वकील मन लावून लढत नाही’ ही तक्रार पूर्णपणे खोटी नाही. प्राधिकरणाच्या पॅनेलवरच्या वकिलांचं मानधन तुटपुंजं, त्यामुळे अनुभवी मंडळी कमी वळतात. फौजदारी खटल्यांसाठी 2022 मध्ये पूर्णवेळ बचाव वकिलांची योजना आली. या वकिलांना खाजगी वकिली करता येत नाही. हा बदल योग्य दिशेचा आहे, तो दिवाणी आणि कौटुंबिक प्रकरणांतही यायला हवा. दिलेला वकील लक्ष देत नसेल तर प्राधिकरणाच्या सचिवांकडे तसं लेखी कळवावं आणि दुसरा वकील मागावा.

आपल्याकडे कामाला येणाऱ्या ताईंना, शेतावरच्या मजुराला, शेजारच्या म्हाताऱ्या काकूंना एवढं जरूर सांगा: 15100 हा राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाचा मदत क्रमांक आहे.