कोयनेचं धरण, आपल्याच पीसीवर

काँक्रीटच्या धरणावर भूकंपाचा काय परिणाम होतो हे जगात कुठेही शिकवलं जात असलं, तरी एक नाव हमखास येतं, ते म्हणजे कोयना. परदेशातला शोधनिबंध असो किंवा एखाद्या महागड्या सॉफ्टवेअरसोबत येणारं उदाहरणांचं मॅन्युअल, १०३ मीटर उंचीचं आपलं धरण त्यात सापडतंच. आणि आपण? आपण पावसाळ्यात कोयनानगरला जातो, नेहरू उद्यान बघतो, गरम भजी खातो आणि परत येतो!

हे धरण आपल्या पीसीवर उभं करता येतं का, तेही एक पैसा न भरता? येतं. होस्टेलमध्ये यावर नेहमीचा उपाय म्हणजे कुणाच्या तरी पेनड्राइव्हमधली क्रॅक केलेली कॉपी. धरणाच्या क्रॅकचा अभ्यास करायला क्रॅक केलेलं सॉफ्टवेअर, म्हणजे कमालच झाली. अधिकृत विद्यार्थी आवृत्ती मिळते, पण तिच्यात नोड्सच्या संख्येवर मर्यादा असते. म्हणून इथे लिहिते आहे ते कॅल्क्युलिक्स या मुक्त सॉफ्टवेअरबद्दल. गिडो डोंट आणि क्लाउस विटिग या दोन इंजिनिअरांनी ते लिहिलं. जीपीएल लायसन्स असल्यामुळे त्याचा सगळा सोर्स कोड कुणालाही वाचता येतो, बदलता येतो.

आधी कोयनेचं थोडंसं. ११ डिसेंबर १९६७, पहाटे ४ वाजून २१ मिनिटं. आमच्या पाटणकडच्या घरी आजी अजूनही साल सांगत नाही, 'भूकंपाच्या आधी' आणि 'भूकंपानंतर' असंच सांगते. कोयनानगरची घरं पडली, पावणेदोनशेहून जास्त माणसं गेली. धरण उभं राहिलं, पण त्याच्या उंच, सांडव्याबाहेरच्या भागांत दोन्ही बाजूंच्या पृष्ठांवर आडव्या भेगा पडल्या. धरणातल्याच एका गॅलरीत भूकंपमापक यंत्र बसवलेलं होतं. त्यात प्रवाहाच्या दिशेचं जास्तीत जास्त त्वरण ०.४७४ जी नोंदलं गेलं, आणि धरणाचं डिझाइन केलं होतं ०.०५ जी धरून. मोठ्या भूकंपाची नोंद आणि प्रत्यक्ष झालेलं नुकसान, दोन्ही एकाच धरणाबाबत मिळाल्यामुळे कोयना सगळ्यांची परीक्षा-केस बनली. बर्कलीचे अनिल चोप्रा आणि पी. चक्रवर्ती यांचा १९७३ चा निबंध त्यातला पायाभूत मानला जातो.

आता कामाला लागू. उबुंटूवर कॅल्क्युलिक्सचं तयार पॅकेज एका ओळीत इन्स्टॉल होतं. ज्यांना फक्त उत्तर हवंय त्यांनी खुशाल तेच करावं. पण तयार पॅकेज बहुधा जुनं असतं, आणि आतला कोड बदलायचा असेल तर शेवटी कंपाइल करावंच लागतं. शिवाय आपण सिलॅबसमध्ये जे मॅट्रिक्स (सारणी म्हणायचं का? आम्हा कॉन्व्हेंटवाल्यांची इथेच पंचाईत होते) शिकतो, ते नेमकं कुठे वापरलं जातं हे कंपाइल करताना दिसतं.

कॅल्क्युलिक्स एकटं चालत नाही. त्याला दोन जुन्या लायब्ररी लागतात. धरणाचे हजारो नोड्स म्हणजे हजारो समीकरणं, ती सोडवते स्पूल्स. धरण स्वतःच्या किती वारंवारतेने डोलतं हे काढायचं म्हणजे आयगेनव्हॅल्यूचा प्रश्न, तो सोडवते आरपॅक. म्हणून क्रम ठरलेला: आधी या दोन लायब्ररी, मग मुख्य प्रोग्रॅम. (बर्फाच्या थरांचं गणित करणारं स्विस स्नोपॅक घेतलंत तरी हीच गोष्ट, आधी त्याची मेटिओआयओ ही लायब्ररी कंपाइल करावी लागते. सह्याद्रीत त्याचा उपयोग नाही, पण हिमाचलला ट्रेकला जाणाऱ्यांनी लक्षात ठेवावं.)

मशीनवर जीसीसी, जीफोरट्रान, मेक आणि पर्ल असायला हवेत. तिन्ही गोष्टींचे फोल्डर कसे ठेवता यालाही महत्त्व आहे. मेकफाइल आपल्या जागेपासून तीन पायऱ्या वर जाऊन लायब्ररी शोधते, म्हणून स्पूल्स, आरपॅक आणि कॅल्क्युलिक्स हे तिन्ही फोल्डर शेजारी-शेजारी हवेत. (फाइलींची नावं इथे देवनागरीत लिहिली आहेत, टाइप करताना अर्थातच इंग्रजीत.)

स्पूल्सच्या 'मेक डॉट इंक' फाइलमध्ये कंपायलरचा पत्ता कुठल्या तरी जुन्या सन मशीनचा आहे. तिथे साधं जीसीसी लिहायचं. दुसरी गंमत 'ट्री' फोल्डरमधल्या सोर्सच्या मेकफाइलमध्ये आहे. तिथे 'ड्रॉट्री डॉट सी' या फाइलचं नाव दिलंय, आणि अशी फाइलच अस्तित्वात नाही! खरी फाइल 'ड्रॉ डॉट सी'. वर्षानुवर्षं जगभरातले लोक हे एक नाव हाताने दुरुस्त करत आलेत. ते केलं की 'मेक लिब', आणि लायब्ररी तयार.

आरपॅक जरा हट्टी आहे. 'एआरमेक डॉट इंक'मध्ये घरचा पत्ता बदलायचा, कंपायलरच्या जागी जीफोरट्रान लिहायचं, आणि 'सीजी८९' नावाचा जुना फ्लॅग काढून टाकायचा, कारण जीफोरट्रानला तो कळत नाही. 'प्लॅट' या जागी 'सन४' आहे, तिथे 'इंटेल' लिहायचं. तुमचा प्रोसेसर एएमडीचा असला तरी इंटेलच! हे फक्त तयार होणाऱ्या फाइलच्या नावाला जोडलं जातं, आणि कॅल्क्युलिक्स नेमक्या त्याच नावाची फाइल मागतं. मग 'सेकंड डॉट एफ' उघडून 'एक्स्टर्नल ईटाइम' या ओळीच्या पहिल्या रकान्यात तारा टाकायचा, म्हणजे ती ओळ कॉमेंट होते. ईटाइम हे जीफोरट्रानमध्ये आधीपासून आहेच, बाहेरून आणायला गेलं की लिंक करताना भांडण होतं.

आता कॅल्क्युलिक्सच्या सोर्स फोल्डरमध्ये जाऊन 'मेक'. शेकडो फोरट्रान फाइली स्क्रीनवरून सरकत जातात, तेवढ्यात मेसमध्ये जाऊन चहा पिऊन या. २०२० मध्ये आलेल्या जीसीसी १० पासून जीफोरट्रान कडक झालाय. सबरुटीनला दिलेल्या व्हेरिएबलचा प्रकार दोन ठिकाणी जुळला नाही तर पूर्वी तो नुसती वॉर्निंग द्यायचा, आता थांबतो. त्यासाठी फ्लॅग्जमध्ये 'एफ-अलाऊ-आर्ग्युमेंट-मिसमॅच' घालावं लागतं.

काहीही अडलं तर एरर वरून वाचा, खालून नव्हे. शेवटची ओळ फक्त 'जमलं नाही' एवढंच सांगते, खरं कारण पहिल्या एररमध्ये असतं. एरर कुठल्या टप्प्यावर आली हेही बघा. एखाद्या फाइलच्या ओळीचा नंबर दिला असेल तर ती कंपाइलची चूक. 'अनडिफाइन्ड रेफरन्स' आलं तर कोड ठीक आहे, लायब्ररी सापडलेली नाही किंवा अर्धवट बनली आहे. हा फरक कळला की निम्मी रात्र वाचते.

प्रोग्रॅम तयार झाला म्हणजे बरोबर झाला असं नाही. इथे कोयना आपल्या मदतीला येते. धरणाचा छेद काढा: उंची १०३ मीटर, तळाशी रुंदी सुमारे ७० मीटर, माथ्यावर १४.८. पाण्याकडची बाजू सरळ उभी धरा. दुसऱ्या बाजूचा उतार ६६.५ मीटर उंचीवर एकदम बदलतो, तिथे रुंदी साधारण १९ मीटर. काँक्रीटची घनता २६४३ किलो प्रति घनमीटर, यंग मॉड्युलस ३१,०२७ मेगापास्कल, पॉइसन गुणोत्तर ०.२.

पहिली चाचणी वहीवरच होते. दोन समलंब चौकोनांचं क्षेत्रफळ काढून घनतेने गुणलं की धरणाच्या एक मीटर लांबीचं वजन सुमारे साडेनऊ हजार टन येतं. फक्त गुरुत्वाकर्षण लावून प्रोग्रॅम चालवला की पायाच्या प्रतिक्रियांची बेरीज तेवढीच यायला हवी. दुसरी चाचणी वारंवारतेची. पाणी नसलेल्या, पक्क्या पायावरच्या या धरणाची पहिली वारंवारता चोप्रा-चक्रवर्तींनी सेकंदाला १९.२७ रेडियन दिली आहे, म्हणजे सेकंदाला साधारण तीन हेलकावे. तुमचं उत्तर १९ च्या आसपास आलं तर स्पूल्स आणि आरपॅक दोन्ही नीट बसल्यात. बरोबर हजारपट कमी आलं तर लायब्ररीला दोष देऊ नका, मॉड्युलस पास्कलऐवजी मेगापास्कलमध्ये टाकला गेलाय.

यानंतर १९६७ च्या भूकंपाची नोंद पायाला लावायची. पाण्याच्या दाबासाठी वेस्टरगार्डची १९३३ ची पद्धत सोपी: धरणाबरोबर हलणारं पाणी म्हणजे पाण्याकडच्या नोड्सना चिकटवलेलं जादा वस्तुमान. ताणाचं रंगीत चित्र उघडलं की लाल रंग कुठे दिसतो? तळाच्या टाचेशी, आणि ६६.५ मीटरवरच्या त्या वळणाशी. माथा जड, मान बारीक, आणि मानेशी अचानक बदललेला उतार. प्रत्यक्ष भेगाही त्या वळणाच्या आसपासच्या पातळीवरच पडल्या होत्या. नंतर त्या भागांना मागून काँक्रीटचे आधार देऊन धरण मजबूत केलं गेलं.

पण हे गणित सरळ, लवचिक काँक्रीटचं आहे. भेग कुठे सुरू होईल ते कळतं. ती आत किती जाईल, एकदा तडकल्यावर ताण कुठे वळेल, हे त्यातून कळत नाही. फुटणाऱ्या काँक्रीटचे नियम फ्रान्सच्या ईडीएफ कंपनीच्या कोड-अॅस्टरमध्ये आहेत, तेही मुक्त आहे, पण ते सोर्सवरून कंपाइल करणं हे याच्या कित्येक पट मोठं काम आहे. कॅल्क्युलिक्समध्येच करायचं असेल तर त्यात 'यूमॅट' नावाची फाइल आपल्यासाठी मोकळी ठेवलेली आहे. तिथे पदार्थाचा नियम आपण फोरट्रानमध्ये लिहायचा आणि पुन्हा 'मेक' म्हणायचं. सिव्हिलच्या फायनल इयरवाल्यांना प्रोजेक्टचा विषय हवा असेल तर तो तिथे पडून आहे.