चेसी कापण्याआधी

हिमायतनगरसारख्या तालुक्याच्या गावी ट्रॉली बनवणारा वेल्डर गाडीची चेसीही सहज लांबवून देईल. लोखंड तेच, रॉडही तोच. पण ताण वेगळा. चेसीवर वजन पडलं की सी-चॅनलची वरची पट्टी दाबली जाते आणि खालची ताणली जाते. मधल्या उभ्या भागावर वाकण्याचा ताण सर्वांत कमी असतो. म्हणून वरच्या-खालच्या पट्ट्यांना भोक पाडणं किंवा आडवं वेल्डिंग करणं टाळावं. तडा बहुधा तिथूनच सुरू होतो. जोड सरळ उभा न घेता तिरपा घ्यावा, आतून निमुळत्या टोकांची पट्टी बसवावी.

कापण्याआधी चेसी सपाट स्टँडवर घट्ट बांधून दोन्ही कर्ण मोजावेत. ते सारखे नसतील तर चेसी वाकडी आहे. आधी नुसते टाके मारावेत, पुन्हा मोजावं, मग आलटूनपालटून दोन्ही बाजूंनी थोडंथोडं वेल्डिंग करावं. सलग केलं तर थंड होताना लोखंड आकसून चेसी ओढली जाते. जस्त चढवलेल्या पाइपवर वेल्डिंग करताना निघणारा पांढरा धूर ताप आणतो. जस्त आधी घासून काढावं.

सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावच्या एका कारागिराने भंगारातून छोटी चारचाकी उभी केली. आनंद महिंद्रांनी 2022 मध्ये ती घेऊन त्याला बोलेरो दिली. त्याच्या हाताचं कौतुक मनापासून वाटतं. तरीही मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार नोंदणीतला तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी जुळणार नाही असा बदल गाडीत चालत नाही. अशी बदललेली किंवा घरी उभी केलेली, नोंदणी नसलेली गाडी असेल तर तिला शेत, अंगण, प्रदर्शन खुलं आहे. सार्वजनिक रस्ता नाही.