आजीपाशी राहिलेली मुलं

बाप गेला, आईनं दुसरा संसार थाटला आणि पोर आजीपाशी राहिलं. महाराष्ट्रातल्या कुठल्याच गावाला ही गोष्ट नवी नाही. औष्णिक वीज केंद्रामुळे ओळखलं जाणारं नाशिकजवळचं एकलहरेही त्याला अपवाद कसं असेल? अशा मुलाला अनाथालयात न पाठवता घरीच वाढू द्यावं, म्हणून राज्यात बालसंगोपन योजना आहे. २०२३ पासून तिला सावित्रीबाई फुले यांचं नाव आहे. जोतिराव-सावित्रीबाईंनी एका विधवेचा मुलगा, यशवंत, दत्तक घेऊन डॉक्टर केला होता. तेव्हा नाव शोभतं. मात्र ही योजना दत्तकाची नाही. इथे मूल कायद्यानं कुणाचं होत नाही, त्याच्या सांभाळाला सरकार हातभार लावतं.

त्यासाठी मूल अनाथच असावं लागतं असा समज आहे, तो चुकीचा. आई किंवा वडील यांच्यापैकी एक हयात नसेल, घटस्फोट झाला असेल, पालकाला दुर्धर आजार असेल, तरी अर्ज करता येतो. पालक तुरुंगात असला तरीही. एकलहऱ्यापासून नाशिकरोडचं मध्यवर्ती कारागृह काही लांब नाही, आणि आत गेलेल्या माणसाची मुलं बाहेर कुणाच्या तरी ओसरीवर असतातच.

मदतीची रक्कम कित्येक वर्षं महिना ४२५ रुपये होती. २०२१ मध्ये, कोविडनंतर, ती ११०० झाली आणि २०२३ मध्ये २२५० रुपये. ४२५ रुपयांत मूल महिनाभर कसं जगेल, हा प्रश्न सरकारला पडायला महामारी यावी लागली, हे मला आजही टोचतं.

अर्जाचा प्रवास आजीला दमवणारा आहे. मृत्यूचा दाखला, तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला, आधार, रेशनकार्ड, शाळेचा बोनाफाइड, बँकेचं पासबुक आणि घरासमोर मुलासोबत उभं राहून काढलेला फोटो. एवढं जमवून नाशिकरोडमार्गे नासर्डी पुलाजवळचं जिल्हा महिला व बालविकास कार्यालय गाठायचं. निर्णय बालकल्याण समितीचा: एक अध्यक्ष, चार सदस्य, त्यांत किमान एक महिला. हे सारं होईपर्यंत म्हातारीची किती रोजंदारी बुडते, याचा हिशेब कुठल्याच फाईलमध्ये नसतो. खरं तर गावोगावी ग्राम बाल संरक्षण समिती असायला हवी. सरपंच तिचे अध्यक्ष, अंगणवाडीसेविका सदस्य-सचिव. गावातलं कुठलं पोर कुणाकडे जेवतं हे अंगणवाडीच्या ताईंइतकं कुणाला ठाऊक असणार? ती समिती मनापासून चालली, तर अर्जच आजीच्या दारी येईल.

ज्यांना आजी, मामा, काका कुणीच नाही, त्यांच्यासाठी २०१५ च्या बाल न्याय कायद्याचं कलम ४४ आहे. नात्याबाहेरचं कुटुंबही मुलाला काही काळ सांभाळू शकतं. केंद्राच्या मिशन वात्सल्यमधून त्याला महिना ४००० रुपये मिळतात. २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार एकट्या व्यक्तीलाही मूल सांभाळता येतं, आणि दोन वर्षं सांभाळल्यावर दत्तक मागता येतं. आधी ही अट पाच वर्षांची होती. तरी परक्याचं मूल काही वर्षांपुरतं घरात घ्यायला आपल्याकडे फार थोडे पुढे येतात. लळा लागला आणि मूल परत गेलं तर काय, ही भीती खोटी नाही. पण संस्थेत वाढणाऱ्या मोठ्या मुलाला, ज्याला दत्तक घ्यायला सहसा कुणी येत नाही, दुसरी वाट तरी कोणती?

संस्था हा शेवटचा पर्याय, असं हाच कायदा तत्त्व म्हणून सांगतो. मग अठराव्या वर्षी जे घडतं ते मला अजिबात पटत नाही. संस्थेतून बाहेर पडणाऱ्या मुलाला कलम ४६ नुसार पुढची काही वर्षं अनुरक्षणाची मदत मिळू शकते. आजीच्या घरी वाढलेल्याला मात्र ती नाही. त्याचे २२५० रुपये अठरा पूर्ण होताच थांबतात. आयटीआय किंवा पदवीची फी नेमकी तेव्हाच समोर उभी असते आणि आजी सत्तरीला टेकलेली असते. ही मदत किमान एकविसाव्या वर्षापर्यंत चालू ठेवायला राज्य सरकारला केंद्राच्या कायद्यातल्या बदलाची वाट पाहायची गरज नाही. योजना राज्याचीच आहे. एक शासन निर्णय पुरेसा आहे.