पासपोर्ट घरात असू द्या!



ऊस विकास विभागाच्या पानावर दरवेळी लागण, बेणे, खताचे हप्ते आणि पाण्याच्या पाळ्या यांविषयी लिहिले जाते. यावेळी पासपोर्टचा विषय घेतला आहे. "साहेब, आता ह्यो कुठला नवा खुळा नाद?" असे काहीजण म्हणतील. पण थोडे थांबा, शेवटपर्यंत वाचा आणि मग ठरवा.

आपला कडेगाव भाग प्रवासाला नवखा नाही. टेंभूचे पाणी शिवारात येण्यापूर्वी कडेगाव, खानापूर, आटपाडी हा सारा दुष्काळी टापू होता. पोटासाठी इथली पोरे घरातून निघाली आणि गलाईच्या धंद्यात शिरली. सोने-चांदी गाळण्याची भट्टी घेऊन ती कन्याकुमारीपासून काश्मीरपर्यंत पोहोचली. मुलूख परका, भाषा परकी, तरी माणूस टिकला. तेव्हा अंगात धमक आहे, हे सिद्धच आहे. नडते ते कागदाला. देशात बहुतेक ठिकाणी जायला कागद लागत नाही. देशाबाहेर पाऊल टाकायचे तर पासपोर्ट, म्हणजेच पारपत्र, लागतेच लागते.

राज्याच्या कृषी विभागाची शेतकऱ्यांसाठी देशाबाहेरील अभ्यास दौऱ्यांची योजना आहे. खर्चाचा निम्मा भार ठराविक मर्यादेपर्यंत शासन उचलते. मर्यादा किती आणि देश कोणते हे त्या त्या वर्षीच्या आदेशात ठरते. त्याची चौकशी तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे करावी. अर्जदाराकडे वैध पासपोर्ट हवा, ही त्यातली एक अट. गटसभेत मी सहज विचारले, "कुणाकुणाकडे चालू मुदतीचा पासपोर्ट आहे?" बोटांवर मोजण्याइतके हात वर झाले. एक सभासद म्हणाले, "दौऱ्यात नाव लागलं की काढू की!" इथेच घोटाळा आहे. नाव लागल्यावर पासपोर्टच्या मागे धावणे म्हणजे तोडणी आल्यावर उसाला खत टाकण्यासारखे आहे.

मुदत म्हणजे काय?

प्रौढ माणसाचा पासपोर्ट १० वर्षे चालतो. १८ वर्षांखालील मुलांचा साधारणपणे ५ वर्षे. पण पुस्तिकेवरची शेवटची तारीख हीच खरी तारीख, असे समजू नका. पुष्कळ देशांना पासपोर्टची मुदत अजून निदान ६ महिने शिल्लक हवी असते. नेदरलँड्स, जर्मनी वगैरे शेंगेन गटातल्या देशांचा नियम असा, की तिथून परत निघण्याच्या दिवसानंतर ३ महिने मुदत उरली पाहिजे आणि दोन पाने कोरी पाहिजेत.

आपल्याच भागातल्या एका बागायतदाराचे उदाहरण सांगतो. गडी हुशार, ठिबकवर आडसाली ऊस, एकरी उतारा उत्तम. दौऱ्याची संधी आली, पैशाची जुळणी झाली. पासपोर्ट कपाटातून काढला तर मुदतीला चारच महिने उरलेले. नवा हातात येईपर्यंत दौऱ्याचे विमान निघून गेले. जागा गेली आणि भरलेल्या पैशातलेही काही बुडाले. तेव्हा मुदत संपण्याची वाट पाहू नका. मुदतीच्या आधी एक वर्षापासून नव्या पुस्तिकेसाठी अर्ज करता येतो.

नाव आणि जन्मतारीख

आपल्याकडे खरी अडचण इथे आहे. सातबारावर 'ज्ञानू', शाळेच्या दाखल्यावर 'ज्ञानदेव', आधारवर 'ज्ञानेश्वर'. आणि गावात सगळे 'नाना' म्हणतात! जन्मतारखेचेही तसेच. गुरुजींनी शाळेत नाव घालताना अंदाजे '१ जून' लिहिली, घरच्यांनी दुसरीकडे वेगळीच सांगितली. गावात हे सगळे चालून जाते. पासपोर्टला चालत नाही. सर्व कागदांवर नाव, वडिलांचे नाव, आडनाव आणि जन्मतारीख एक हवी. फरक असेल तर आधी तो दुरुस्त करून घ्यावा, मग अर्ज करावा.

आडनावाचा रकाना रिकामा ठेवू नये. ज्या पासपोर्टवर एकच नाव आहे, आडनाव नाही, अशा प्रवाशांना संयुक्त अरब अमिरातीने २०२२ सालापासून पर्यटन व भेटीच्या व्हिसावर अडवायला सुरुवात केली. नातवंडांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. १ ऑक्टोबर २०२३ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांसाठी जन्मतारखेचा पुरावा म्हणून फक्त जन्म दाखलाच चालतो. तेव्हा ग्रामपंचायतीत जन्माची नोंद वेळेत करा.

३६ पानी पुस्तिकेची साधी फी १५०० रुपये आहे. नव्या पासपोर्टसाठी ६० वर्षांवरील अर्जदारांना त्यात १० टक्के सूट मिळते. अर्ज शासनाच्या पासपोर्ट सेवा संकेतस्थळावर भरायचा. घरातले शिकलेले पोर भरू शकते. सांगली जिल्हा पुण्याच्या प्रादेशिक पासपोर्ट कार्यालयाखाली येतो, पण दरवेळी पुण्याला हेलपाटा घालण्याचे दिवस गेले. २०१७ सालापासून टपाल कार्यालयांतून पासपोर्ट सेवा केंद्रे सुरू झाली. अर्ज भरताना जवळचे केंद्र आणि वेळ निवडता येते. पुढे पोलीस पडताळणी होते. त्यासाठी दिलेल्या पत्त्यावर आपण खरोखर राहत असले पाहिजे.

उसाबरोबर गेलेली मराठी माणसे

ऊस आणि परदेश यांचा आपला संबंध फार जुना आहे. मॉरिशस बेटावर गुलामगिरी बंद होण्याच्या सुमारास, १८३४ पासून, हिंदुस्थानातून कराराचे मजूर उसाच्या मळ्यांवर नेले जाऊ लागले. १९२० पर्यंत सुमारे साडेचार लाख माणसे त्या बेटावर उतरली. त्यांतले बरेचसे बिहारकडचे आणि मद्रासकडचे. पण मुंबई बंदरातून गेलेली मराठी माणसेही होती. रत्नागिरी, सातारा, कोल्हापूर या बाजूची. आपला हा भाग त्या काळी साताऱ्यातच मोडत होता.

त्यांच्यापाशी पासपोर्ट नव्हता. होता तो करार, बहुधा पाच वर्षांचा, अंगठा उठवून दिलेला. करार संपला तरी सुटका नव्हती. १८६७ च्या तिथल्या कायद्याने करार संपलेल्या मजुरालाही स्वतःचा फोटो चिकटवलेला परवाना जवळ बाळगावा लागे. रस्त्यात शिपायाने हटकले आणि परवाना सापडला नाही तर भटक्या म्हणून थेट कोठडी. ते मजूर जिथे उतरले त्या पोर्ट लुईच्या आप्रवासी घाटाला २००६ साली युनेस्कोने जागतिक वारशाच्या यादीत घेतले. मजुरांचे ते फोटो आणि नोंदी तिथल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये आजही जपून ठेवल्या आहेत.

आज त्या मजुरांचे वंशज तिथे शिक्षक आहेत, अधिकारी आहेत, ऊस बागायतदारही आहेत. गणेश चतुर्थीला त्या देशात सार्वजनिक सुट्टी असते, शाळांतून मराठी शिकवली जाते. आणि आज आपण तिथे पर्यटक म्हणून निघालो तर आगाऊ व्हिसासुद्धा काढावा लागत नाही. वैध पासपोर्ट, परतीचे तिकीट आणि राहण्याची सोय दाखवली की पुरते.

दोन कागदांतला फरक पाहा. तो परवाना माणसाला मळ्याला बांधून ठेवण्यासाठी होता. आपला पासपोर्ट आपल्याला मोकळे करण्यासाठी आहे. परदेशी जाण्याचा हक्क हा व्यक्तिस्वातंत्र्याचाच भाग आहे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९६७ साली दिला आणि त्याच वर्षी पासपोर्ट कायदा झाला. हक्क हातात असून तो वापरायचा नाही, हे काही शहाणपणाचे नव्हे.

तिकडे गेल्यावर काय पाहावे?

नुसते फोटो काढून येऊ नये. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडच्या ऊसपट्ट्यात पाहण्यासारखे पुष्कळ आहे. तोडणी सारी यंत्राने होते. ऊस कारखान्याला जातो तो बराचसा दोन फुटी रुळांच्या छोट्या आगगाडीने. तोडणीनंतर पाचट शेतातच पसरून ठेवतात. ओल टिकते, तण दबते. आपण मात्र अजून पाचट पेटवतो! तिथे उसाचे पैसे केवळ वजनावर मिळत नाहीत, साखरेच्या प्रमाणावर हिशेब होतो. थायलंडमध्ये १९८४ च्या कायद्याने साखरेच्या उत्पन्नातले ७० टक्के ऊस उत्पादकाला आणि ३० टक्के कारखान्याला अशी वाटणी ठरवली. ठिबकची धडाडी पाहायची तर इस्रायल. असे एखादे जरी डोळ्यांनी पाहिले तरी गटसभेतल्या दहा भाषणांचे काम होते.

एक कांडीही आणू नका

आता माझ्या खात्याची गोष्ट, आणि ती मी हात जोडून सांगतो. परदेशात झकास ऊस दिसला म्हणून एखादी कांडी पिशवीत घालून आणू नका. डोळासुद्धा नको, मातीही नको.

परदेशी ऊस वाईट असतो, असे माझे म्हणणे नाही. आपल्या वडिलांनी लावलेला को ४१९ हा जावा बेटावरच्या पीओजे २८७८ या वाणाच्या संकरातून कोईमतूरला झाला. पण ते काम संशोधन संस्थेने केले. परदेशी वाण आणायचा तर परवाना घ्यावा लागतो, विलग जागी वाढवून रोग-कीड तपासावी लागते. त्यासाठी केंद्राचा २००३ चा वनस्पती विलगीकरण आदेश आहे.

२००२ सालचा लोकरी मावा आठवतो ना? सांगली जिल्ह्यात तो दिसला आणि बघता बघता राज्यभर उसाची पाने पांढरी झाली. तो तर देशातलाच होता. मूळची अमेरिकेची लष्करी अळी २०१८ साली कर्नाटकात मक्यावर आढळली आणि त्याच साली आपल्या जिल्ह्यात उसावरही दिसली. किडीला पासपोर्ट लागत नाही, सभासदहो! तिला आपल्या पिशवीतून वाट देऊ नका. ऑस्ट्रेलियात उतरताना तर शेतातून आला आहात का, बुटाला माती आहे का, हे विचारतात. खरे ते सांगावे, बूट घरूनच स्वच्छ धुऊन न्यावेत. घरचे तूप, बियाणे, खाऊचे डबे लपवू नयेत. लपवलेले सापडले तर दंड बसतो.

नोकरीसाठी जाणाऱ्या मुलांसाठी

दहावी पास नसलेल्यांच्या पासपोर्टवर बहुधा 'ईसीआर' असा शेरा असतो. असा माणूस आखाती देशांसह १८ देशांत नोकरीसाठी जाणार असेल तर त्याला आधी सरकारी मंजुरी घ्यावी लागते. सहलीला जाणाऱ्याला ती अट नाही. ही मंजुरी टाळण्यासाठी काही दलाल पोरांना पर्यटन व्हिसावर पाठवतात. तिथे गेल्यावर ना धड काम ना कायद्याचे संरक्षण. एजंटाकडे परवाना आहे की नाही ते सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर पाहावे. पैसे मागतो आणि पावती देत नाही, तो एजंट नव्हे. आणखी एक, पासपोर्ट कायद्याने भारत सरकारची मालमत्ता आहे. तो कुणाकडे गहाण ठेवता येत नाही आणि नोकरी देणाऱ्याला तो अडकवून ठेवण्याचा अधिकार नाही.

थोडक्यात

१. घरात निदान एकाचा तरी पासपोर्ट चालू ठेवा. घरच्या लक्ष्मीचाही काढा.
२. कागदांवरचे नाव व जन्मतारीख आधी एक करा.
३. मुदतीची तारीख दिनदर्शिकेवर लिहून ठेवा.
४. पुस्तिकेत काही लिहू नका, ती पाण्या-उंदरापासून जपा. झेरॉक्स वेगळी ठेवा.
५. परदेशात हरवला तर तिथल्या पोलिसांत तक्रार द्या आणि भारतीय वकिलातीत जा.

कागदांत काही अडचण असेल तर आपल्या गटाच्या चिटबॉयला सांगा किंवा शेती कार्यालयात या. अर्ज आपणच भरायचा आहे, पण कुठे काय नडते ते आपण मिळून पाहू. उसाची नोंद वेळेत करता तशीच पासपोर्टचीही करा.

आपला,
ऊस विकास अधिकारी