यंत्र बंद पडलं, हिशेब नाही

स्पार्क ही डेटाचं काम अनेक यंत्रांच्या समूहावर, म्हणजे क्लस्टरवर, वाटून देणारी प्रणाली. ती शिकायला बसलेले बरेच जण एकदा तरी ही चूक करतात. बाहेर एक व्हेरिएबल शून्यावर ठेवायचं, लाखो नोंदींवरून फिरताना त्यात एकेक मिळवत जायचं आणि शेवटी आकडा छापायचा. क्लस्टरवर उत्तर येतं शून्य. काम ज्या यंत्रांकडे गेलं, त्यांना त्या व्हेरिएबलच्या प्रती मिळाल्या. वाढल्या त्या प्रती. मूळ होतं तिथेच राहिलं.

वाटून दिलेल्या कामात सामायिक पाटी नसते, हे मान्य केलं की फंक्शनल पद्धत, म्हणजे बाहेरचं काही न बदलता फक्त उत्तर परत देणारी फंक्शन्स लिहिणं, जवळची वाटू लागते. गूगलच्या जेफ्री डीन आणि संजय घेमावत यांनी 2004 मध्ये काम अनेक यंत्रांवर वाटून देणाऱ्या मॅपरिड्यूस या पद्धतीवर निबंध लिहिला, तेव्हा ही कल्पना लिस्पसारख्या फंक्शनल भाषांतल्या मॅप आणि रिड्यूस या क्रियांवरून सुचल्याचं त्यांनी त्यातच नोंदवलं. पुढे 2009 मध्ये माटेई झहारिया यांनी कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली संकुलात स्पार्क सुरू केला, तो स्काला या भाषेत.

स्पार्कमधला मूळ डेटासंच एकदा तयार झाला की बदलत नाही. त्यातून नवा निघतो. प्रत्येक तुकडा कुठून आला, त्याला कोणती चाळणी लागली, याची वंशावळ स्पार्क जपतो. एखादं यंत्र मध्येच बंद पडलं, तर हरवला तेवढाच भाग त्या वंशावळीवरून पुन्हा काढता येतो. मला यातलं सगळ्यात मोलाचं वाटतं ते हेच. मात्र अट कडक आहे: तेच फंक्शन त्याच डेटावर कितीदाही चालवा, उत्तर तेच यायला हवं. आत घड्याळ वाचलं तर दुसऱ्या खेपेला उत्तर बदलतं. बाहेरच्या डेटाबेसात नोंद टाकली तर ती दोनदा पडू शकते.

तुकड्यांची उत्तरं एकत्र करण्याच्या क्रियेलाही शिस्त लागते. पूर्णांकांची बेरीज कुठल्याही क्रमाने, कसेही गट पाडून करा, बदलत नाही. सरासरीचं तसं नाही. एका यंत्रावर 10 आणि 20, दुसऱ्यावर 60. पहिल्याची सरासरी 15. ती 60 शी जोडून पुन्हा सरासरी काढली तर येते 37.5, खरी आहे 30. म्हणून प्रत्येक यंत्राने बेरीज आणि संख्या अशी जोडी पाठवायची: 30 व 2, 60 व 1. जोड्यांची बेरीज 90 व 3. भागाकार अगदी शेवटी, एकदाच.

नवा जॉब लिहिलात, की तोच डेटा आधी एका तुकड्यात आणि मग दहा तुकड्यांत पाडून चालवून पाहा. उत्तरं जुळली नाहीत, तर जॉब पुढे पाठवू नका.