डावखुरे वेगवान: अक्रमनंतर कोण?

परभणीकरांनो, सर्वश्रेष्ठ डावखुरा वेगवान गोलंदाज कोण, यावर वाद घालायचा तर पहिल्या नंबरात वेळ घालवू नका. तो वसीम अक्रमच. कसोटीत ४१४, वनडेत ५०२ बळी. खरं भांडण खालच्या जागांचं, आणि तिथं आपला श्रीरामपूरचा झहीर खान येतो.

९२ कसोटींत ३११ बळी. चमिंडा वासचे ३५५, म्हणून तो मोठा? आकडे म्हणतात, मी नाही. २००७ला ट्रेंट ब्रिजवर झहीरनं सामन्यात ९ बळी काढले आणि भारतानं इंग्लंडमधली मालिका १-० जिंकली. २०११च्या विश्वचषकात २१ बळी, आफ्रिदीसोबत सर्वाधिक. धावत येताना चेंडू दुसऱ्या हातानं झाकायचा. रिव्हर्स स्विंग कुठं वळणार, फलंदाजाला वाचताच यायचं नाही.

त्याच्याआधी मुंबईकडून खेळलेला करसन घावरी: १०९ कसोटी बळी, शंभरी गाठणारा पहिला भारतीय डावखुरा वेगवान. गरज पडली तर पठ्ठ्या फिरकीही टाकायचा!

जुन्यांत ॲलन डेव्हिडसन: ४४ कसोटी, १८६ बळी, सरासरी २०.५३. त्याला विसरणं म्हणजे अन्यायच.

माझा क्रम: अक्रम, डेव्हिडसन, ऑस्ट्रेलियाचा मिचेल स्टार्क, झहीर. जिंतूर, सेलू, गंगाखेडची मंडळी, तुमचा सांगा. वासवाल्यांनी मात्र तयारीनं यावं.